पाठ रोज बघा

सासूबाई रात्रभर चुळबुळ करत, ब्लाउज ओढत, अंगाला हात लावू देत नसत. स्मृतिभ्रंशाचा आजार वाढला असं आम्ही धरून चाललो. मग एका सकाळी आंघोळ घालताना पाठ दिसली: औषधाच्या पॅचच्या जागी गोल चट्टा आणि भोवती पाणी भरलेले फोड. खाजतंय हे सांगायला त्यांच्यापाशी शब्दच उरले नव्हते.

म्हणून ही कळकळीची विनंती. तुमच्या घरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रिव्हास्टिग्मिनचा पॅच लावत असाल, तर आजच त्यांची पाठ, छाती आणि दोन्ही दंड उजेडात बघा. सावळ्या अंगावर लाली काळपट दिसते, नजरेतून सुटते. हात फिरवून बघा, कातडी गरम किंवा खरखरीत लागते का.

पॅच काढल्यावर थोडी लाली राहून ओसरली, तर घाबरू नका. रोज जागा बदला. एकदा लावलेल्या जागी पुढचे 14 दिवस पुन्हा लावू नका. पण पुरळ पॅचच्या कडेबाहेर पसरलं, सूज किंवा फोड आले, काढून 48 तास झाले तरी उतरलं नाही, तर ती ॲलर्जी असू शकते. नवा पॅच न लावता लगेच डॉक्टरांना फोन करा. अंगभर पुरळ उठलं, चेहरा सुजला किंवा धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा. घरात याच औषधाच्या जुन्या कॅप्सूल असतील, तर त्याही मनाने देऊ नका. ॲलर्जी असलेल्याला त्यांनीही अंगभर पुरळ येऊ शकतं.

खोबरेल, हळद, शेक यातलं काहीही पॅचच्या जागी नको. तेलाने पॅच सुटतो, शेकाने औषध अंगात जास्त भिनतं.

आणि जुना काढल्याशिवाय नवा कधीच लावू नका. सकाळी सांभाळणाऱ्या मावशींनी लावलेला असताना संध्याकाळी मुलाने आणखी एक लावला, असं सहज होतं. जास्त औषधाने उलट्या होतात, नाडी मंदावते, भोवळ येते. अशा चुकीने जीवही गेले आहेत. कॅलेंडरवर तारीख आणि जागा लिहा. तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा, कारण पुन्हा सगळ्यात कमी मात्रेपासून चढावं लागतं.

आज मावशी घरी जायच्या आधी, त्यांना सोबत घेऊन एकदा पाठ बघा.