भंगारात निघालेले नांगर आणि रिकाम्या दावणी: सातारा-सांगलीत बैलाची जुनी अवजारं वाचवायची कशी?

भंगारवाल्याचा टेम्पो गावात आला की पत्रे, सायकली, जळालेल्या मोटारी निघतात. त्यातच कधी एखादा बिडाचा नांगर असतो, कधी उसाच्या चरकाच्या लाटा, कधी बैलगाडीच्या चाकाच्या धावा. सगळं किलोवर जातं.

गेल्या काही वर्षांत या मालाला दुसरं गिऱ्हाईकही लागलंय. हायवेवरचे ढाबे, मंगल कार्यालयं, फार्महाऊस. बैलगाडीचं चाक गेटवर, नांगर लॉनवर, वर चकचकीत रंग. राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, त्यानंतर हा शौक आणखी वाढला. भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात म्हणून लोक देतात, त्यात त्यांची चूक नाही. पण लॉनवर गेलेला नांगर वाचला असं समजण्यात अर्थ नाही. तो फक्त वितळायचा राहिला.

दोन जिल्हे, दोन कारखाने

आपल्या भागात हा विषय साधा नाही, कारण ही अवजारं इथंच तयार झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर 1903 च्या सुमारास बेळगावात केला. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी समजूत तेव्हा शेतकऱ्यांत होती. नांगर तयार असून गिऱ्हाईक नाही, अशी वेळ त्यांच्यावर आली होती. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातली कुंडलजवळची माळरानाची जागा दिली. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज पलूस तालुक्यात आहे. नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक, शेंगा फोडायचं यंत्र इथून गावोगाव गेलं.

इकडं कोरेगाव तालुक्यात सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना. तिथंही लोखंडी नांगर व्हायचे. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते, ही गोष्ट नव्या पोरांना सांगितली तर खरी वाटत नाही.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा काढायचा तर लाकडी नांगराचं काम नव्हतं. मोठा लोखंडी नांगर, त्याला सहा-आठ बैल आणि हाकायला दोन-तीन माणसं. एका घरात एवढे बैल नसायचे, म्हणून चार घरांनी मिळून वारंगुळा करायचा. म्हणजे नांगर एकाचा असला तरी काम सगळ्या वाडीचं असायचं.

गंमत अशी की बैलाला रानातून बाहेर काढण्यातही या दोन ठिकाणांचाच हात आहे. किर्लोस्करवाडीत 1926 पासून पंप होऊ लागले, सातारा रोडला पुढं डिझेल इंजिनं होऊ लागली. विहिरीवरची मोट बंद पडली ती त्यामुळंच. आणि कुणी तक्रार केली नाही, कारण मोट हाकणं म्हणजे काय हे हाकणाऱ्यालाच माहीत होतं.

साताऱ्याजवळ लिंबला बारामोटेची विहीर आहे. अठराव्या शतकातलं बांधकाम, लांबून लोक बघायला येतात, फोटो काढतात. तिथला दगड टिकला. ज्या मोटांवरून नाव पडलं त्यांचं चामडं आणि नाडा मात्र गेला. लाकूड, चामडं, बीड यांचं असंच होतं. त्यांना रोज हात लागला तरच ती टिकतात.

बैल नसेल तर नांगर कशाला?

हा प्रश्न सरळ आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2019 च्या पशुगणनेत देशातले गायवर्गीय नर 2012 च्या तुलनेत सुमारे 30 टक्क्यांनी घटले आणि गायींची संख्या मात्र 18 टक्क्यांनी वाढली. दूध ठेवलं, ओढकाम सोडलं, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं बेंदराला कितीतरी घरात मातीच्याच बैलाची पूजा होते, ते याच आकड्याचं घरातलं रूप आहे.

दोष एकट्या ट्रॅक्टरचा नाही. चांगल्या खिलार जोडीला लाखाच्या वर मोजावे लागतात, वैरण विकत, गडी मिळत नाही. मार्च 2015 पासून राज्यात बैल कापण्यावरही बंदी आली. म्हातारा बैल विकून त्यात थोडी भर घालायची आणि नवा आणायचा, हे जुनं गणित तुटलं. आता गोऱ्हा दावणीला ठेवताना शेतकरी दहा वेळा विचार करतो. दुसरीकडं सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. बैल एका जोडीनं दिवसभरात साधारण अर्धा एकर नांगरणार, ट्रॅक्टर तेवढं काम तासाभरात उरकणार. नांगरटीत बैल परत येणार नाही, हे मान्य करून पुढं बोललेलं बरं.

मग शर्यतीचं काय? 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं राज्याचा बैलगाडा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला आणि खिलारला पुन्हा भाव आला. आटपाडी, खरसुंडी, म्हसवडच्या बाजाराला त्यानं जीव दिला हे खरंच. पण शर्यतीचा बैल औताला जुंपत नाहीत. त्याला खुराक आहे, सराव आहे, इन्स्टाग्रामवर पानं आहेत. खिलार जात टिकवायला शर्यत उपयोगी पडेल, कुळव टिकवायला नाही.

दुरुस्त करायचं ते काय?

इथं थोडं निवडून बघायला हवं. ज्या अवजाराला आजही काम आहे त्याच्यावर आधी पैसा घालावा. कोळपं, कुळव आणि कुरी (कुठं पाभर म्हणतात) ही त्यातली. शिराळा, पाटण, जावळीच्या डोंगरउतारावरच्या पट्ट्यात ट्रॅक्टर वळत नाही. उभ्या पिकात दोन ओळींतून जायचं तर आजही बैल बरा पडतो. पॉवर टिलर आलाय, पण तो सगळ्यांना परवडत नाही. महाडीबीटीवर अनुदान मिळतं ते नवीन अवजार घ्यायला. जुनं नीट करायला रुपया मिळत नाही.

दुसरा नंबर चरकाचा. रस्त्याकडेच्या रसवंतीवर बैल जुंपलेल्या घाण्याचा रस म्हटलं की गाड्या थांबतात. घुंगरांचा आवाज हीच जाहिरात. इथं जुनं यंत्र आपला खर्च आपण काढतं. पण पोटात जाणारी वस्तू आहे, म्हणून लाटांना रंग लावू नये, झिजलेले बुश बदलून घ्यावेत, ग्रीस रसापर्यंत येत नाही ना हे बघावं. आणि उन्हात दिवसभर फिरणाऱ्या बैलाला सावली, पाणी, विसावा हवा. घुंगरू ऐकणाऱ्यानं बैलाचे खांदेही एकदा बघावेत.

मोठा नांगर शेवटी. त्याला रानात काम नाही, पण गावची आठवण म्हणून ठेवायचा तर नीट ठेवा. गंज काढायला ग्राइंडर लावू नका, बिडावर ओतलेली कारखान्याची अक्षरं त्यात पुसली जातात आणि मग तो नुसता लोखंडाचा तुकडा उरतो. रॉकेल, तारेचा ब्रश आणि धीर. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात. तुटलेल्या बिडाला साध्या रॉडनं वेल्डिंग केलं तर शेजारी नवा तडा जातो. आधी तापवून, निकेलच्या रॉडनं किंवा पितळी वेल्डिंगनं जोडून, हळूहळू गार होऊ द्यावं लागतं. भाग हरवलाच असेल तर लाकडी पॅटर्न करून तो पुन्हा ओतता येतो. कोल्हापूरची ओतकामं जवळच आहेत. एका नांगरासाठी हे महागात जातं, दहा गावांनी एकच पॅटर्न वापरला तर परवडतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोतले आमिश शेतकरी आजही घोड्यांनी शेती करतात. जुनी घोड्याची अवजारं तिथं टिकली ती संग्रहालयामुळं नाही. रोज लागतात म्हणून त्यांचे सुटे भाग करणारी छोटी वर्कशॉपं चालली. आपल्याकडं कणेरी मठावर गावगाड्याचे पुतळे सुंदर आहेत, बघून यावेत असेच. पण पुतळ्याच्या हातातल्या कुरीतून बी पडत नाही.

आपल्याकडंही पोरं डोकं चालवतातच. 2022 मध्ये वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला पुढं जादा चाकाचा आधार बसवला, बैलाच्या मानेवरचं ओझं कमी व्हावं म्हणून. त्याचे फोटो तेव्हा देशभर फिरले. असं कॉलेज आणि एखादा म्हातारा सुतार एकत्र बसले तर कुरीची मापं कागदावर यायला आठवडा लागणार नाही. फण किती अंतरावर, चाड्याची भोकं कशी, नळ्या कुठल्या कोनात, हे कुठल्या पुस्तकात नाही, त्या माणसाच्या हातात आहे. चाड्यावर मूठ धरणारी बाई किंवा बाप्याही तसाच. बी सारखं पडावं म्हणून बोटं कशी हलवायची, हे फोनवर व्हिडिओ करून ठेवण्यासारखं आहे.

ग्रामपंचायतीला यात फार खर्च नाही. गावात कुणाच्या गोठ्यामागं काय पडलंय त्याचे फोटो, त्यावरची अक्षरं, तुटलंय काय, एवढी यादी ग्रामसभेत होऊ शकते. मालकी ज्याची त्याच्याकडंच राहावी, नाहीतर कुणी दाखवणार नाही. विकायचं झालं तर टेम्पोवाल्याआधी गावाला विचारायचं, एवढीच अट. लोखंड अजून दहा वर्षं अडगळीत पडून राहील. सुतारांची यादी मात्र याच पावसाळ्याच्या आत करावी लागेल, कारण कुरी भरणारे जे थोडे उरलेत ते सत्तरीच्या पुढचे आहेत.