लाथ कशाने मारायची?

लाथ मारीन तिथे पाणी काढीन, असं आपण मराठीत छातीठोकपणे म्हणतो. पायाच्या नेमक्या कुठल्या भागाने, ते मात्र कुणी सांगत नाही. चवड्याने, टाचेने, पावलाच्या बाहेरच्या कडेने, पावलाच्या पाठीने की नडगीने? प्रश्न पोरकट वाटेल. पण बंगळूरला पोस्टिंग आल्यापासून मी तो बऱ्याच जणांना विचारला, आणि आलेली उत्तरं ऐकून लिहायला बसलो.

या शहरात लाथ शिकवणारे पुष्कळ आहेत. सोसायटीच्या तळमजल्यावर, पार्किंगच्या शेजारी, शनिवार-रविवारी पांढऱ्या पोशाखातली पोरं ओळीने उभी असतात. निवृत्त झालेले आपलेच काही उस्ताद कंपन्यांमधून आणि कॉलेजांतून मुलींना स्वसंरक्षण शिकवतात. काम चांगलं आहे, पेन्शनला जोडही मिळते. पण जवळ जाऊन पाहिलं तर शिकवणं सगळं मॅटवरचं, अनवाणी आणि कमरेच्या वरचं. शिकणारी मुलगी रात्री नऊला चपला घालून ऑफिसबाहेर पडणार असते. तिचा आणि त्या लाथेचा संबंध काय, हे मला कळत नाही.

माझं मत सरळ आहे. आधी पायात काय आहे ते बघा, मग कशावर मारायचं ते बघा. पायाचा कुठला भाग वापरायचा हे त्यातूनच ठरतं. आपल्याकडे उलटं चालतं. आधी शैली ठरते, मग लाथ, आणि बूट-चपलांचा विचार कुणी करतच नाही.

कराटेतली समोरची लाथ, माए गेरी, चवड्याने मारतात. बोटं वर ओढून घ्यायची आणि त्यांच्या मुळाशी जी मांसल गादी आहे तिने ठोसायचं. यामागे साधा हिशेब आहे. जागा लहान, म्हणून दाब जास्त. पोटात, बरगडीखाली ती चांगली घुसते. पण बोटं वेळेवर मागे गेली नाहीत तर अंगठा दुमडतो, आणि पुढचे कित्येक दिवस फॉल-इनला लंगडत यावं लागतं. बाजूची लाथ बाहेरच्या कडेने किंवा टाचेने, मागची लाथ टाचेने. फिरवून मारायची लाथ जुन्या कराटेत चवड्यानेच मारत. आता खेळात बहुतेक जण पावलाच्या पाठीने मारतात, कारण तिला पल्ला जास्त मिळतो आणि फटक्याचा आवाजही छान येतो.

पावलाच्या पाठीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. एका पावलात २६ हाडं असतात. त्यातली बोटांकडे जाणारी पाच लांब हाडं पाठीच्या कातडीखाली जवळजवळ उघडीच असतात, वर ना चरबी ना स्नायू. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या पायांची सूज नोंदवली. पुढे क्ष-किरण आले आणि कळलं की ही हाडं चालून चालून तडकतात. त्याला आजही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. नुसत्या चालण्याने जी हाडं मोडतात, ती समोरच्याच्या कोपरावर आपटायची? आमच्या एका युनिटमध्ये एक चांगला चपळ जवान स्पर्धेत असाच कोपरावर लाथ मारून आला. सहा आठवडे प्लास्टरमध्ये. पदकही गेलं आणि बीपीईटीही.

तायक्वांदोत पावलाची पाठ चालते, कारण समोर गादीचं कवच असतं. ऑलिंपिकमध्ये तर २०१२ च्या लंडनपासून इलेक्ट्रॉनिक कवच आहे आणि पायमोज्यात सेन्सर. धडावर साधी लाथ बसली की दोन गुण, डोक्यावर तीन. घोट्याच्या खालचा पायाचा कुठलाही भाग नियमात बसतो. सेन्सरला स्पर्श झाला की काम झालं. खेळ म्हणून मला त्यात काहीच वावगं दिसत नाही. पण स्पर्शाला गुण देणारी लाथ आणि माणसाला थांबवणारी लाथ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढं शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला सांगायला हवं.

मग कुणी म्हणतं, नडगी वापरा, थाई लोकांसारखी. नडगीचं हाड मोठं आहे हे खरं. थाई मुलं वर्षानुवर्षं जड बॅगवर मारून ती घट्ट करतात. तरीही २८ डिसेंबर २०१३ ला लास वेगासमध्ये अँडरसन सिल्व्हासारख्या माणसाने नडगीने लाथ मारली, समोरच्या ख्रिस वाइडमनने गुडघा पुढे केला, आणि सिल्व्हाच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच वाइडमनचा पाय स्वतःच लाथ मारताना तसाच मोडला. जगातल्या उत्तम लढवय्यांचं हे होतं, तर तीन महिन्यांच्या वीकेंड बॅचमध्ये नडगी शिकवणं हा शुद्ध अविचार आहे.

आता बुटाकडे येतो. बुटात चवडा वापरता येत नाही. डीएमएसचा सोल घातला की बोटं मागे ओढणं विसरा. एका सातारकडच्या उस्तादांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं, "साहेब, बूट चढला की चवडा संपला, उरली टाच." अगदी बरोबर. टाचेचं हाड पावलातलं सगळ्यात मोठं, आणि नडगीच्या सरळ रेषेत. पायाची सगळी ताकद मध्ये कुठे न वाकता तिथे उतरते. शिवाय बूट जे घेतो ते परतही देतो. टोक कडक असेल तर नडगीवर टोकाने मारता येतं. अमेरिकन मरीन्सच्या प्रशिक्षणात समोरच्या लाथेसाठी बुटाचं टोक आणि लेसची जागा हेच मारण्याचे भाग धरले आहेत. म्हणजे अनवाणी पायाला जी पाठ घातक, तीच बुटाच्या चामड्याखाली चालून जाते. स्पोर्ट शूजला मात्र हे लागू नाही. त्याचं टोक मऊ, बोटं आत आपटतात.

हे नवं ज्ञान नाही. कमांडो खंजिराला ज्याचं नाव आहे तो फेअरबेर्न शांघायच्या पोलिसांत आयुष्य घालवून आला होता. १९४२ च्या आपल्या पुस्तकात त्याने बुटाच्या कडेने गुडघ्याखाली मारायचं, तीच कड नडगीवरून खरवडत खाली आणायची आणि शेवटी पावलावर टाच हाणायची, असं शिकवलं. कमरेच्या वर पाय नेण्यात त्याला फारसा रस नव्हता. उंच गेलेला पाय समोरच्याच्या हातात सापडतो.

काही वाचक म्हणतील, बंदुकीच्या जमान्यात ही चर्चा कशाला? १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं ठरलं आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले २० जवान गेले, कर्नल संतोष बाबूंसह. ती लढाई हातापायांची, दगडांची आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांची होती. तितक्या उंचीवर, अंगावर थरावर थर, पायात बर्फाचे जड बूट, खाली सुटे दगड आणि नदीचं पाणी. तिथे एका पायावर उभं राहून दुसरा डोक्यापर्यंत नेणारा माणूस पहिल्यांदा स्वतःच पडेल. गुडघ्यावर टाचेची ढकल, नडगीवर बुटाची कड, पावलावर हाणलेली टाच, यापलीकडे तिथे पायाचं काम नाही.

एनडीएत आम्हाला पहिल्याच टर्मला रिंगमध्ये उतरवतात. नाक फुटतं, भीती जाते, त्याचा मला आजही अभिमान आहे. पण बॉक्सिंगमध्ये पाय फक्त उभं राहायला असतो. त्यामुळे माझ्या पिढीतल्या बऱ्याच अधिकाऱ्यांनी लाथ पाहिली ती सिनेमात किंवा प्रात्यक्षिकात. प्रात्यक्षिकांना माझा विरोध नाही. गर्दीतल्या दहा पोरांना फौजेत यावंसं वाटलं तरी पुष्कळ. फक्त प्रात्यक्षिकाचा संच उचलून तोच प्रशिक्षणात ठेवू नये. निम्मे तास तरी पूर्ण बुटात, खडबडीत जमिनीवर, आणि पॅड गुडघ्यापासून कमरेपर्यंतच, असं व्हायला हवं. अनवाणी सराव बंद करा असं मी म्हणत नाही. कलरीवाले आणि कराटेवाले अनवाणी पायाने जो तोल कमावतात तो बुटात कमावता येत नाही. बाकीचे निम्मे तास त्यासाठीच.

याच शहरात, मिलिटरी पोलिसांच्या सेंटरमधून, ८ मे २०२१ ला ८३ महिला जवानांची पहिली तुकडी बाहेर पडली. कमी वजनाच्या माणसाला हातापेक्षा पायाचा आधार जास्त, हे कुणीही उस्ताद सांगेल. मांडीचा स्नायू दंडापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून मुलींना शिकवणाऱ्या आपल्या निवृत्त मंडळींना माझी विनंती आहे की पहिल्या दिवशी त्यांचे जोडे काढायला लावू नका. ज्या चपलेत आली त्या चपलेत उभी करा. पट्ट्याच्या चपलेतून बोटं बाहेर असतात, तेव्हा टोकाने मारणं बाद. टाच घोट्याशी घट्ट नसेल तर बाजूची लाथ मारताना चपलच उडते. राहतं ते मागून धरलेल्याच्या पावलावर टाच हाणणं आणि समोरच्याच्या गुडघ्यावर तळव्याने ढकलणं. दोन्ही तासाभरात शिकता येतात आणि साडीतही जमतात.

आणखी एक गोष्ट त्याच तासात सांगा. समोरचा पडला की पाय खाली. पडलेल्याच्या अंगावर टाच हाणणं हे स्वसंरक्षण राहत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा करायला कायदा मोकळीक देत नाही, आणि बुटातली टाच किती इजा करते हे आपल्याइतकं कुणाला माहीत नाही. पडला की पळायचं. पळतानाही चपलेचा पट्टा तुटत नाही ना, ते घरून निघतानाच पाहिलेलं बरं.