श्वास हेच स्वराचे भांडवल

मनुष्य घशाने बोलतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आवाज गेला की आपण 'घसा बसला' म्हणतो, दूरच्या माणसास हाक मारावयाची झाली की 'घसा फोडून' ओरडतो, आणि गाणाऱ्याची स्तुती करताना त्याचा 'गळा' गोड असल्याचे सांगतो. परंतु आपल्याच भाषेत दुसरेही काही शब्द आहेत व ते अधिक खोल सत्य सांगतात. व्यर्थ बोलणाऱ्यास आपण 'तोंडची वाफ दवडू नकोस' असे बजावतो; लांब तान न तुटता घेणाऱ्याच्या 'दमसासा'चे कौतुक करतो; कोणी एखादी हकीगत 'एका दमात' सांगून टाकतो. बोलणे म्हणजे श्वास खर्च करणे, हे या शब्दप्रयोगांत आधीच सांगून ठेवलेले आहे. आज या खर्चाचा हिशेब पाहावयाचा आहे. कारण तो न कळल्यामुळे कित्येक शिक्षक, गायक, फेरीवाले आणि घरोघरच्या माता आपला चांगला आवाज अकाली गमावून बसतात.

बाजाची पेटी आपण सर्वांनी पाहिली आहे. भात्याने हवा भरावी, ती पितळी पट्टीवरून जावी, पट्टी थरथरावी आणि लाकडी पोकळीतून नाद बाहेर पडावा, अशी तिची रचना असते. मनुष्याच्या देहातही हीच तीन अंगे आहेत. छातीतील फुप्फुसे हा भाता. कंठमण्याच्या मागे, श्वासनलिकेच्या मुखाशी असलेल्या स्वरतंतूंच्या मऊ घड्या या पट्ट्या. त्यांच्या वरचा घसा, तोंड व नाक ही पोकळी. फरक एवढाच की, पेटीत प्रत्येक सुराला निराळी पट्टी लागते. मनुष्यास मात्र तंतूंची एकच जोडी दिलेली असून ती ताणून व सैल करून तो सारे सूर काढतो.

प्रथम भात्याकडे पाहू. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत. त्यांच्याखाली घुमटाच्या आकाराचा एक स्नायूंचा पडदा आहे, त्यास श्वासपटल म्हणतात. हा पडदा आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, छातीतील जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. पडदा खाली सरकताना पोटातील अवयवांना पुढे ढकलतो; म्हणून शांत झोपलेल्या बालकाचे पोट श्वासागणिक वर येताना दिसते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो व दर खेपेस सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. अगदी खोल श्वास घेऊन सर्व शक्तीने सोडला, तर पुरुष ४ ते ५ लिटर व स्त्री ३ ते ४ लिटर हवा बाहेर टाकू शकते. तरीही एक लिटरहून थोडी अधिक हवा आत राहतेच. भाता कधीही पूर्ण रिकामा होत नाही.

स्वस्थपणी श्वास आत घेण्यास व बाहेर टाकण्यास लागणारा वेळ फारसा निराळा नसतो. बोलू लागताच हे प्रमाण पार बदलते. आपण चटकन हवा घेतो व ती पुरवून पुरवून सोडतो. एकूण वेळेच्या एकदशांशाच्या आसपास वेळ श्वास घेण्यात जातो, आणि उरलेला सारा तो खर्च करण्यात.

आता स्वरतंतूंकडे वळू. त्यांची लांबी पुरुषांत साधारण दोन सेंटीमीटर, स्त्रियांत त्याहून थोडी कमी. त्यांचे पहिले काम गाण्याचे नव्हे, तर राखणदारीचे आहे. घास गिळताना ते घट्ट मिटतात, म्हणून अन्न श्वासनलिकेत जात नाही. चुकून एखादा कण गेलाच तर ठसका लागतो. धान्याचे पोते उचलताना आपण दम धरतो, तेव्हाही तेच मिटून छातीला आधार देतात. बोलतेवेळी मात्र ते हलकेच जवळ येतात. खालून येणारी हवा त्यांना दूर सारते, थोडी हवा निसटते, लगेच ते आपल्या लवचिकपणाने पुन्हा जवळ येतात आणि पुन्हा ढकलले जातात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे सेकंदास शंभर ते सव्वाशे वेळा घडते, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा, आणि नवजात अर्भकाच्या रडण्यात चारशेहूनही अधिक वेळा.

इतक्या वेगाने तंतूंना हलवितो कोण? १९५० साली फ्रान्समधील राऊल ह्युसाँ यांनी असे प्रतिपादिले होते की, प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत स्वतंत्र आज्ञा येते. हे मत टिकले नाही. १९५८ साली हॉलंडमधील वान डेन बर्ग यांनी स्पष्ट केले की, स्नायू केवळ तंतूंना जवळ आणतात व योग्य तेवढा ताण देतात. कंपन निर्माण होते ते वाहत्या श्वासामुळे आणि तंतूंच्या लवचिकपणामुळे. पुढील संशोधनाची उभारणी याच पायावर झाली. म्हणजे श्वास नसेल, तर उत्तम घसाही मुकाच.

या ठिकाणी एक शंका येईल. फुगा फुगवून सोडला तर त्यातील हवा भस्सकन निघून जाते. मग भरलेल्या छातीतील हवा बोलताना तशी का जात नाही? १९५९ साली एडिनबरो येथील ड्रेपर, लेडफोगेड व व्हिटरिज या संशोधकांनी बोलणाऱ्या माणसांच्या श्वसनस्नायूंची तपासणी प्रसिद्ध केली. खोल श्वास घेऊन बोलू लागल्यावर आरंभी, श्वास आत घेणारेच स्नायू बरगड्यांना आवरून धरतात व हवा हळूहळू सुटू देतात; साठा कमी झाल्यावर श्वास बाहेर टाकणारे स्नायू पुढे सरसावतात. माळ्यावरून भरलेले पोते दोराने खाली उतरविताना आपण दोर एकदम सोडीत नाही, हात राखून सोडतो. तसाच हा प्रकार आहे. गवयाचा दमसास म्हणतात तो बव्हंशी हा हात राखण्याचाच सराव होय.

साध्या बोलण्यास श्वासाचा जोर किती थोडा लागतो, हे घरीच पाहता येते. पेल्यात पाणी घ्यावे, शीतपेयाची नळी त्यात सहा-सात सेंटीमीटर बुडवावी आणि फुंकून बुडबुडे काढावेत. जेवढा जोर लागला, साधारण तेवढ्याच जोरावर आपण रोज संभाषण करतो. ओरडताना तो कित्येक पटींनी वाढतो व तंतू एकमेकांवर तेवढ्याच जोराने आदळतात.

श्वासाची आणखी एक परीक्षा मुलांना करून दाखवावी. तळहात तोंडासमोर धरून आधी 'क' व मग 'ख' म्हणावे. 'ख'च्या वेळी हवेचा झोत हाताला लागेल. प्राचीन भारतीय ध्वनिशास्त्रज्ञांनी 'क'ला अल्पप्राण व 'ख'ला महाप्राण म्हटले, ते यासाठीच. येथे प्राण म्हणजे श्वास. आता कंठावर दोन बोटे ठेवून 'स्स्स' असा लांब उच्चार करावा, मग 'म्म्म' असा. पहिल्यात कंठ स्थिर राहील, दुसऱ्यात थरथरेल. पहिला अघोष, दुसरा घोष. शाळेत घोकलेल्या व्याकरणाची खूण अशी आपल्याच गळ्यात सापडते.

श्वास व कंठ यांची ही भागीदारी मोडली तर काय होते, याचे बोलके उदाहरण स्वीडनची विख्यात गायिका जेनी लिंड हिच्या चरित्रात आहे. तिचा जन्म १८२० सालचा. लहानपणापासून स्टॉकहोमच्या रंगभूमीवर गाऊन गाऊन तिचा आवाज थकला. १८४१ साली ती पॅरिसला मॅन्युएल गार्सिया या नामांकित गायनगुरूकडे गेली. त्यांनी तिला लगेच शिकविण्याचे नाकारले; प्रथम काही आठवडे कंठास पूर्ण विश्रांती देण्यास सांगितले. त्या तरुणीने ते ऐकले, विश्रांतीनंतर पुन्हा मुळापासून शिक्षण घेतले, आणि पुढे युरोप व अमेरिका या दोन्ही खंडांत कीर्ती मिळविली. गार्सिया यांची जिज्ञासा मात्र तेथेच थांबली नाही. गाणाऱ्या माणसाचा कंठ आतून कसा चालतो, हे पाहण्याची त्यांना उत्कंठा होती. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने सूर्यप्रकाश त्यावर पाडला, आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. १८५५ साली ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली गेली. घसा तपासण्याच्या आधुनिक विद्येस एका गायनशिक्षकाने असा मोठा हातभार लावला.

आपल्या गावात जेनी लिंड नसेल. पण सत्तर मुलांच्या वर्गासमोर दिवसभर बोलणारी शिक्षिका आहे, बाजारात ओरडून माल विकणारा आहे, परसातून शेतापर्यंत हाका मारणारी माउली आहे. श्वास संपत आला तरी वाक्य पुरे करण्याचा हट्ट धरला, की श्वासाचे काम घसा करू लागतो. मानेच्या शिरा ताठतात, आवाज घुसमटतो. कुदळ धरणाऱ्याच्या तळहातास घट्टे पडतात, त्याप्रमाणे तंतूंवर बारीक गाठी येतात आणि आवाज घोगरा होतो. फार ओरडणाऱ्या मुलांनाही हा विकार होतो. सुदैवाने विश्रांतीने व बोलण्याची रीत सुधारल्याने अशा बहुतेक गाठी बऱ्या होतात.

उपाय साधे आहेत. वाक्याच्या अर्थाप्रमाणे जागोजागी थांबावे व श्वास घ्यावा. मिस्सात वाचन करणाऱ्यांनी तर हे अवश्य पाळावे, कारण त्यामुळे ऐकणाऱ्यासही अर्थ कळतो. श्वास घेताना खांदे उचलू नयेत; कमरेजवळील बरगड्या व पोट सैलपणे फुलू द्यावे. वर्गातील गोंगाटावर आवाज चढविण्यापेक्षा गोंगाट शांत होईपर्यंत थांबावे. दूरच्या माणसास ओरडून सांगण्यापेक्षा चार पावले जवळ जावे. वारंवार खाकरू नये. पाण्याचा घोट घ्यावा. आवाज बसला असता कुजबुजण्याचा आटापिटा करू नये, त्यानेही कंठास ताण पडतो. मौन हेच औषध. जपमाळेत एकाने अर्धी प्रार्थना म्हणावी व इतरांनी उरलेली पुरी करावी, ही जुनी रीत आहे. तिच्यामुळे पन्नास वेळा 'नमो मरिया' म्हणूनही कोणाचा दम तुटत नाही. बोलणारा थांबतो, दुसरे बोलतात, तेवढ्यात त्याचा श्वास भरतो. घरातील संभाषणातही ही पाळी सांभाळली, तर घसे वाचतील आणि भांडणेही थोडी कमी होतील.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावयाची आहे. सर्दीने बसलेला आवाज बहुधा आठ-पंधरा दिवसांत मोकळा होतो. तीन आठवडे उलटूनही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू पाहून घ्यावेत. श्वास घेण्यास वा गिळण्यास त्रास होत असेल किंवा थुंकीतून रक्त पडत असेल, तर एक दिवसही दवडू नये. विडी, सिगारेट ओढणाऱ्यांनी व दारू घेणाऱ्यांनी विशेष सावध असावे. कंठाच्या कर्करोगाचा धोका त्यांना अधिक. हा रोग स्वरतंतूंवर उद्भवला, तर आवाज बदलून तो प्रारंभीच इशारा देतो, आणि त्या अवस्थेत उपचार झाले तर बहुतेक रोगी बरे होतात. पण पुष्कळ घरी 'म्हाताऱ्याचा आवाज आहे, बसायचाच' म्हणून महिनेच्या महिने जातात. घरात वडीलधाऱ्यांचा आवाज बदललेला प्रथम ध्यानी येतो तो सुनेला, नातवंडांना. त्यांनी संकोच सोडून तसे बोलून दाखवावे आणि त्यांना तपासणीस घेऊन जावे.