पेन्शनीत निघण्यापूर्वी

दिवाळीच्या अंकात दुखण्याबाण्याचा विषय काढू नये, असे आमच्या घरातले मत पडले. "फराळाच्या ताटात काढा वाढल्यासारखं होईल," असे सौ. म्हणाल्या. पण फराळाला जमलेल्या मंडळींत साठीच्या आसपासचे चौघे असले, की चिवड्याचा पहिला बकाणा संपायच्या आत गोष्ट शुगर आणि ब्लडप्रेशरवर येते, हा माझा कित्येक दिवाळ्यांचा अनुभव आहे. गोष्ट निघणारच आहे, तर ती जरा कागदपत्रांसकट निघावी, म्हणून हा काढा. गोड मानून घ्यावा.

माझे मेव्हणे दीड वर्षापूर्वी एका खाजगी कंपनीतून निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, घड्याळ, भाषणे, सगळे यथासांग झाले. त्यांच्या वक्तशीरपणावर तिघेजण बोलले. मात्र एक गोष्ट कोणीच बोलले नाही. ती अशी, की त्याच रात्री बारा वाजता कंपनीने काढलेला त्यांचा आणि माझ्या बहिणीचा आजारपणाचा विमाही निवृत्त झाला!

पुढे आठ महिन्यांनी बहिणीला जिना चढताना धाप लागू लागली. हृदयाची झडप बिघडली होती. आठवड्याच्या आत ऑपरेशन करावे, असे डॉक्टरांनी सांगितले. सुदैवाने ते इस्पितळ सरकारी योजनेत होते. तिथल्या आरोग्यमित्राने, म्हणजे योजनेच्या टेबलापाशी बसणाऱ्या एका तरुण मुलीने, अगदी आदराने विचारले, "काका, रेशनकार्ड आणलंय का?"

रेशनकार्ड सांगलीला होते, थोरल्या भावाकडे! तीस वर्षांपूर्वी मुंबईत बिऱ्हाड केले, तेव्हा वेगळे कार्ड काढायचे राहून गेले, ते राहूनच गेले. सांगलीच्या कार्डावर बहिणीचे नाव कधी चढलेच नव्हते. मेव्हण्यांनी चार दिवस कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले आणि पाचव्या दिवशी बँकेतली मुदतठेव मोडली. ऑपरेशन झाले, बहीण आता ठणठणीत आहे. पण मेव्हणे अजून म्हणतात, "ठेव गेल्याचं काही नाही हो. पण तिला खाटेवर ठेवून मी कागद शोधत हिंडलो, ते मनातून जात नाही."

सरकारी औषधोपचाराला आपल्याकडे मुख्यतः चार दरवाजे आहेत. सगळे सगळ्यांसाठी उघडे नाहीत. आपला दरवाजा कोणता, हे नोकरीच्या शेवटच्या वर्षातच पाहून ठेवले पाहिजे.

पहिला दरवाजा केंद्र सरकारच्या नोकरांचा. त्यांची आरोग्य योजना, जिला सगळे सी. जी. एच. एस. म्हणतात, ती १९५४ साली दिल्लीत सुरू झाली. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर येथे तिचे दवाखाने आहेत. हिच्यात इस्पितळाबरोबर रोजचे डॉक्टर आणि रोजच्या गोळ्याही मिळतात. नोकरीत असताना वर्गणी पगारातून कापली जाते, त्यामुळे तिची आठवण राहत नाही. निवृत्तीनंतर मात्र कार्ड स्वतः अर्ज करून नव्याने घ्यावे लागते.

आमच्या शेजारचे आयकर खात्यातले गृहस्थ यंदा निवृत्त होत आहेत. त्यांची वर्गणी महिना ६५० रुपये. पेन्शनरने ती वर्षाची वर्ष भरावी, नाहीतर दहा वर्षांची एकदम भरून जन्मभराचे कार्ड घ्यावे. दहा वर्षांचे ७८,००० रुपये होतात. "एकदम एवढे?" म्हणून ते बिचकले. मी म्हटले, "अहो, सत्तरीनंतरचं सगळं फुकट आहे. तुमचे वडील किती वर्षं जगले?" "ब्याण्णव." "मग भरा की!" वर्गणी पगाराच्या श्रेणीप्रमाणे २५० पासून १,००० रुपयांपर्यंत असते. ज्यांना निवृत्तीनंतर गावी जाऊन राहायचे आहे आणि जिथे हा दवाखाना नाही, त्यांना बाहेरच्या औषधपाण्यासाठी महिना १,००० रुपये भत्ता मिळतो. तेव्हा कुठे राहायचे, हे आधी नवराबायकोने ठरवावे आणि मग अर्ज भरावा.

दुसरा दरवाजा कामगार विम्याचा, म्हणजे ई. एस. आय. चा. ही योजना १९५२ पासून चालू आहे. कारखान्यात किंवा दुकानात ज्यांच्या पगारातून हिची वर्गणी कापली जात होती, त्यांना वाटते, नोकरी संपली, कार्ड संपले. तसे नाही! निवृत्तीपूर्वी निदान पाच वर्षे विमा चालू असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवराबायको दोघांनाही औषधोपचार चालू ठेवता येतात. वर्षाला १२० रुपये! एवढ्यात आज दोघांचा चहा आणि बटाटेवडाही होत नाही. तरी कोणी सांगितले नाही म्हणून ही सवलत न घेतलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत.

तिसरा दरवाजा महाराष्ट्र सरकारचा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ साली आठ जिल्ह्यांत ती दुसऱ्या नावाने सुरू झाली. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची समजली जाई. २०२३ च्या निर्णयाने पांढऱ्या कार्डवाल्यांनाही तिच्यात घेतले आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ठरले. तेव्हा गॅसच्या नोंदणीनंतर जे कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेले असेल, ते आज वर काढा. कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे आहेत का, पत्नीचे नाव आधारकार्डाशी जुळते का, हे चष्मा लावून पाहा. एकीकडे माहेरचे नाव आणि दुसरीकडे सासरचे, अशी पुष्कळ घरांत स्थिती आहे. ते दुरुस्त करायला वेळ लागतो आणि आजारी माणसाजवळ वेळ हीच गोष्ट नसते.

चौथा दरवाजा सत्तरी ओलांडलेल्यांचा. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ ची. ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला खुली झाली. मिळकत किती, हे कोणी विचारत नाही. तिच्या कार्डाला 'आयुष्मान वय वंदना' असे नाव आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या इस्पितळात विनामूल्य होतात आणि जुने दुखणेही पहिल्या दिवसापासून धरले जाते. मात्र घरात दोघे सत्तरीचे असतील, तर पाच लाख दोघांत मिळून, हे ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट. ही योजना इस्पितळात दाखल झालेल्यांसाठी आहे. रोजची ब्लडप्रेशरची गोळी तिच्यात बसत नाही. म्हणून पाच लाखांचा आकडा पाहून सी. जी. एच. एस. वाल्यांनी घाई करू नये. त्यांना दोहोंपैकी एकच ठेवता येते आणि गोळ्यांचा खर्च तर रोजचा असतो. ई. एस. आय. किंवा खाजगी विमा असणाऱ्यांना मात्र हे कार्डही घेता येते.

सत्तर वर्षे मोजतात ती आधारकार्डावरून. इथे आपल्या पिढीचे गुपित उघडे पडते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारीख विचारली, वडील घुटमळले आणि मास्तरांनी १ जून लिहून टाकली! त्या हिशेबाने १ जूनला साऱ्या महाराष्ट्राचा वाढदिवस असतो. वर्षही कोणी एखाददुसरे पुढेमागे लिहिले. दुरुस्तीला आधाराच्या नियमाने जन्मतारीख साधारणतः एकदाच बदलता येते, तीही पुरावा दाखवून. म्हणून शाळेचा दाखला सापडतो का, ते आताच पाहिलेले बरे.

आता हिशेब करा. राज्य सरकारचे बहुतेक नोकर ५८ व्या वर्षी निघतात, केंद्राचे ६० व्या. चौथा दरवाजा उघडतो ७० व्या वर्षी. मधली दहाबारा वर्षे म्हणजे दुखणी येण्याचीच वर्षे! ज्यांना पहिला वा दुसरा दरवाजा नाही, त्यांचा भार तिसऱ्यावर आणि स्वतःच्या विम्यावर पडतो. माझ्या मेव्हण्यांसारखा ज्यांचा विमा कंपनीच्या जिवावर चालला आहे, त्यांनी निवृत्तीच्या आधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करावा. तसे केले, तर जुन्या दुखण्यासाठी थांबण्याची मुदत, जी २०२४ च्या नियमाप्रमाणे फार तर तीन वर्षे असते, तिच्यात आधी गेलेला काळ धरला जातो. शालश्रीफळ घेऊन घरी आल्यावर हा अर्ज सुचला, तर उशीर झालेला असतो.

मग करायचे काय? एक जाड पाकीट घ्या. त्यात रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डे, पेन्शनचे कागद, विम्याचे कागद आणि आपल्या भागातल्या योजनेतल्या इस्पितळांची नावे ठेवा. आयुष्मान योजनेच्या चौकशीचा फोन १४५५५ हा आहे, तोही पाकिटावर लिहा. आणि मुख्य म्हणजे, ते पाकीट कुठे ठेवले आहे हे बायकोला सांगा. आपल्याकडे नवऱ्याच्या पेन्शनीचा आकडा बायकोला ठाऊक असतो, पण कागद कोणत्या खणात आहेत हे ठाऊक नसते. आणि बहुतेक वेळा कागद शोधण्याची पाळी तिच्यावरच येते.

हे सारे लिहून झाल्यावर मी मोठ्या ऐटीत सौ.ना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, हातातला चकलीचा सोऱ्या खाली ठेवला आणि विचारले, "आपलं रेशनकार्ड कुठंय?"

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघे ट्रंक उपसत बसलो होतो. कार्ड सापडले. त्यावर सौ.चे नाव आहे, आडनाव माहेरचे. भाऊबीज झाली, की मी रेशनच्या कचेरीत जाणार आहे. वाचकांपैकी कोणी तिथे भेटले, तर ओळख द्यावी; रांगेत उभे राहायला सोबत होईल.