'ओनर्स रिस्क'चा शिक्का आणि फौजी माणसाचा टीव्ही

पोस्टिंग ऑर्डर आली की क्वार्टरमध्ये दोन प्रश्न आधी उभे राहतात. पोरांच्या शाळेचं काय आणि टीव्हीचं काय? शाळेवर पुन्हा कधीतरी लिहीन. आज टीव्हीवर लिहितो, कारण या एका वस्तूपायी दर दोन-तीन वर्षांनी आपलं नुकसान होतं आणि आपण ते मुकाट गिळतो. वर एकमेकांना सांगतो, "चलता है यार, बदली में टूट-फूट तो होती ही है."

नाही चालत. का नाही, ते सांगतो.

माझी मागची मूव्ह अंबाल्याहून उत्तर बंगालमधल्या बिनागुडीला होती. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर. ५५ इंची टीव्ही उभाच न्यायचा, असं पॅकरकडून लिहून घेतलं होतं. बिनागुडीत ट्रकचं फाळकं उघडलं तेव्हा टीव्ही आडवा होता आणि त्याच्यावर लोखंडी पलंगाचे पाय टेकले होते. पडद्याच्या एका कोपऱ्यातून कोळ्याचं जाळं पसरलेलं. फोन केला तर उत्तर तयार: "साहब, बिल्टी पे ओनर्स रिस्क लिखा है."

आता या दोन शब्दांचा खरा अर्थ बघू.

कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ हा कायदा सांगतो की माल फुटला, हरवला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाने सिद्ध करायची गरज नाही. म्हणजे 'माझी चूक नव्हती' हे त्याने दाखवायचं. २०११ च्या नियमांनी त्याच्या जबाबदारीची मर्यादा भाड्याच्या दहापट ठेवली आहे, फक्त ती आपण जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. भाडं ४० हजार असेल तर मर्यादा ४ लाख. त्यात एक टीव्ही आरामात बसतो. आणि 'ओनर्स रिस्क' लिहिलं म्हणून वाहतूकदार स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या निष्काळजीपणातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच नाथ ब्रदर्स विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सांगितलं आहे. तरीही तो शिक्का बिल्टीवर छापला जातो. कशासाठी? तो वाचून आपण गप्प बसावं म्हणून. आणि आपण बसतो!

दुसरी गंमत 'इन्शुरन्स'ची. माझ्याकडे सामानाच्या किमतीच्या ३ टक्के मागितले. मी विचारलं, विमा कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय? समोरचा गडबडला. विमा कंपनीचं सर्टिफिकेट नसेल तर तो विमा नव्हे. ती पॅकरची स्वतःची पावती, आणि फुटल्यावर पैसे द्यायचे की नाही हेही तोच ठरवणार. मी ते पैसे दिले नाहीत.

"मग टीव्ही आडवा का नेतात?" असं वहिनी लोक विचारतात. कारण आडवा टीव्ही म्हणजे वर सामान रचायला सपाट जागा. एलसीडीचं पॅनल म्हणजे काचेचे दोन पातळ पत्रे. उभा असताना त्याचं वजन कडांवर येतं. आडवा केला की मधला भाग अधांतरी राहतो, आणि प्रत्येक खड्ड्याला तो लवतो. तुटलेल्या पॅनलची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी, आणि वॉरंटी असलं नुकसान धरत नाही. म्हणजे ट्रकमध्ये दोन-तीन फूट जागा वाचवायची त्याने, आणि भुर्दंड भरायचा जवानाने.

काही जण म्हणतात, विकून टाक, तिकडे कॅन्टीनमधून नवीन घे. सोपं आहे बोलायला. बदलीच्या महिन्यात अर्ध्या छावणीचं सामान विकायला निघतं, भाव मातीमोल होतो. सीटीजी मिळते ती मूळ पगाराच्या ८० टक्के. त्यातून ट्रक, पॅकिंग, शाळेची नवी अ‍ॅडमिशन, नवे युनिफॉर्म. त्यात दर बदलीला नवा टीव्ही? आणि काही साहेब लोक हसून म्हणतात, जवानाला ५५ इंच हवाच कशाला? का नको? मी फील्डमध्ये असतो तेव्हा घरात संध्याकाळी तोच बोलतो. पोरगी माझा व्हिडिओ कॉल मोबाइलवरून त्याच्यावर लावते आणि बाप तिला मोठा दिसतो. त्याचे हप्ते मी भरलेत.

खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा आहे. सामान उतरतं तेव्हा बऱ्याचदा जवान घरी नसतो. नव्या गावात, नव्या क्वार्टरसमोर बायको एकटी, कडेवर पोर. हमाल घाई करतात, ड्रायव्हर कागद पुढे करतो: "मॅडम, साइन कर दो, गाड़ी लेट हो रही है." त्या कागदावर 'सामान ठीक मिळालं' असं आधीच छापलेलं असतं. या एका सहीवर त्यांचा सगळा धंदा चालतो.

म्हणून घरच्यांना आजच सांगून ठेवा. खोकी उघडून, टीव्ही बघितल्याशिवाय सही नाही. ड्रायव्हर थांबायला तयार नसेल तर त्याच कागदावर 'न तपासता घेतलं' असं लिहून मग सही. फुटलं असेल तर तिथेच ट्रकसकट फोटो. थंडीतून दमट हवेत आला असेल तर काही तास तसाच ठेवून मग प्लग लावा, आत पाणी धरतं. निघण्याआधी चालू टीव्हीचा व्हिडिओ काढा, बिल्टीवर टीव्हीची किंमत वेगळी लिहून घ्या, स्टँड काढून स्क्रू पिशवीत बांधा. कंपनीचं खोकं नसेल तर युनिटच्या सुताराकडून प्लायची पेटी करून घ्या. काळी ट्रंक रंगवतो तसं तिच्यावरही नाव-नंबर आणि वरच्या दिशेचा बाण रंगवा.

आणि फुटलाच, तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या. मी दिली. 'ओनर्स रिस्क'वाले पाचव्या आठवड्यात तडजोडीला आले आणि पॅनलचे पैसे देऊन गेले. नसते आले तर ग्राहक आयोग होताच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी अंबाल्याला परत जावं लागत नाही. भाडं ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फीसुद्धा नाही.

एका जवानाने नोटीस दिली तर पॅकर हसेल. एका युनिटमधून दहा नोटिसा गेल्या तर पुढच्या बदलीला टीव्ही उभा जाईल.