चाचणी मेथाडोनच्या काउंटरवरच करा

कॉव्हेंट्रीत मी फार्मसिस्ट आहे. सकाळची पहिली गिऱ्हाइकं ठरलेली, हेरॉइनऐवजी दिलं जाणारं मेथाडोन घेणारी. हिरवं औषध मोजून छोट्या पेल्यात ओतायचं, त्यांनी ते माझ्यासमोर प्यायचं, वर पाण्याचा घोट आणि मग दोन शब्द बोलायचे. बोलल्याशिवाय गिळलं की नाही ते कळत नाही. लागोपाठ तीन दिवस कुणी फिरकलं नाही, तर औषध थांबवून व्यसनमुक्ती केंद्राला कळवते. तेवढ्यात शरीराची सवय मोडलेली असते आणि नेहमीचाच डोस जिवावर बेतू शकतो.

२०२३ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये अमली पदार्थांच्या विषबाधेचे ५,४४८ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले जवळपास निम्मे हेरॉइनसारख्या अफूच्या वर्गातल्या पदार्थांशी निगडित होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये संसर्गजन्य टप्प्यातल्या सिफिलिसचे ९,५१३ रुग्ण सापडले, १९४८ नंतरचा तोवरचा उच्चांक. त्यांतले बहुतेक व्यसनी नाहीत, हे खरं. पण घर सुटलेली, हेरॉइनच्या विळख्यातली बाई आज एकाच्या सोफ्यावर झोपते, उद्या दुसऱ्याच्या. रात्रीच्या निवाऱ्याची किंमत शरीरानं चुकवावी लागते, तेव्हा कंडोमचा हट्ट ती कुठल्या बळावर धरणार? तिला मरणाकडे आणि गुप्तरोगाकडे नेणारी वाट एकच आहे.

जॅग्वारचा ब्राउन्स लेनचा आणि शेजारच्या रायटनचा प्यूजोचा, असे दोन कारखाने या भागातून पाठोपाठ गेले, त्यांच्याबरोबर नोकऱ्याही. गरिबीतून येणारं आजारपण कमी करायचं म्हणून २०१३ मध्ये कॉव्हेंट्री ‘मार्मट सिटी’ झाली. व्यसनमुक्ती आणि लैंगिक आरोग्य या दोन्ही सेवाही त्याच वर्षी कौन्सिलांकडे आल्या, एकाच सरकारी अनुदानातून. महागाई धरली तर ते अनुदान २०१५ पासून दरडोई सुमारे चौथ्या हिश्शानं घटलं आहे. अशा काटकसरीची किंमत अमेरिकेतल्या इंडियाना राज्यानं मोजली. स्कॉट काउंटीतलं एचआयव्ही चाचणीचं एकमेव केंद्र २०१३ मध्ये बंद पडलं आणि २०१५ मध्ये नशेच्या सुयांमधून तिथे दोनशेच्या आसपास माणसांना लागण झाल्याचं उघड झालं.

पैसा एकाच तिजोरीतला, मग दारं दोन कशाला? रोज माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला दुसरीकडची अपॉइंटमेंट घ्यायला सांगणं म्हणजे त्याला परत पाठवणंच. इंग्लंडमधल्या फार्मसींत २०२० मध्ये हेपटायटिस सीची बोटाच्या रक्तावरची चाचणी सुरू झाली होती. पण व्यसनावर उपचार सुरू असलेल्यांना, म्हणजे मेथाडोन घेणाऱ्यांनाच, तिच्यातून वगळलं होतं. २०२३ मध्ये ती योजनाही गुंडाळली.

आपल्या मराठी घरांत हा विषय निघाला की ‘त्या लोकांचं’ म्हणून बाजूला पडतो. कौन्सिल टॅक्स आपणही भरतो आणि नगरसेवक आपल्याही दारी मतं मागायला येतात. त्यांच्याकडे हेच मागा: मेथाडोनच्या करारात एचआयव्ही, हेपटायटिस आणि सिफिलिसची चाचणी घाला, तिचे पैसे द्या. सिफिलिस लवकर सापडला तर बहुधा पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनात बरा होतो. ते देणारी नर्स आठवड्यातून एक सकाळ फार्मसीतल्या सल्ल्याच्या खोलीत बसली, तरी पुष्कळ होईल.