शेजारी आला नाही म्हणून शिव्या देऊ नका



मोर्चाहून परतलेली गाडी गावात शिरली की पारावर ठरलेले बोलणे सुरू होते. 'गाव झोपलेले आहे. मेल्या मनाची माणसे. यांना भाव नकोच आहे.' हे बोलणारे दुसरे कोणी नाही, आम्हीच. जिल्हा बैठकीचाही अर्धा दिवस याच रडगाण्यात जातो. ते आता थांबवले पाहिजे, कारण ते खोटे आहे.

जो आला नाही तो झोपलेला नाही. तो हिशेब करतो. कापसाचा भाव वाढला तर मोर्चाला गेलेल्यालाही मिळेल आणि घरी बसलेल्यालाही. काट्यावर कोणी बिल्ला तपासत नाही. जाणाऱ्याचा मात्र वेचणीचा दिवस बुडतो, एस.टी.चे भाडे जाते, प्रसंगी पाठीवर काठी बसते आणि कोर्टाच्या तारखा वर्षानुवर्षे चालतात. दोन एकर ज्वारी सोंगणीला आलेला माणूस 'तुम्ही व्हा पुढे' म्हणाला तर त्यात बेइमानी कसली? कर्जाच्या व्याजाचा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे, त्याला हा हिशेब येणारच.

मॅन्कर ऑल्सन हा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्याच्याच घरात वाढलेला. त्याने १९६५ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. फायदा सगळ्यांना सारखाच मिळणार असेल तर मोठा समूह आपोआप एक होत नाही. मूठभर लोक मात्र चटकन एक होतात, कारण प्रत्येकाच्या वाट्याला मोठा घास येतो.

पटत नसेल तर २०२५ सालचा ऑगस्ट आठवा. कापड उद्योगाची मागणी होती, आणि केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. मुदत आधी ३० सप्टेंबरची होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमकी आपल्या वेचणीची वेळ! लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये कागदावर होता. गिरणीवाले मोजके, कापूसवाले लाखो. मोजक्यांचे काम दिल्लीत झाले. लाखो कुठे होते? आपापल्या पऱ्हाटीत, एकेकटे.

दुसरी एक समजूत आमच्यातच घट्ट बसली आहे. हाल वाढले की लोक आपोआप पेटतात म्हणे. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकऱ्याने बायकामुलांसह १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवले. त्यानंतर विदर्भात किती घरांचे कुंकू पुसले! हालांनीच आंदोलन होत असते तर दिल्लीला वेढा आपण घातला असता. तो घातला पंजाब-हरियाणाने, २६ नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर. तिथे ट्रॉल्या होत्या, गुरुद्वाऱ्याचे लंगर होते, गावागावातून पाळीने माणसे जात होती. काही गावांच्या पंचायतींनी तर माणूस न पाठवणाऱ्या घराला दंड ठरवला. १९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. त्या कायद्यांबद्दल कोणाचे मत काहीही असो, ही बांधणी पाहण्यासारखी होती.

मग आम्हीही दंड लावायचा का? काही कार्यकर्ते म्हणतात, सभासदाला बियाण्यात सूट द्या, विमा द्या, बघा गर्दी. अमेरिकेतल्या 'फार्म ब्यूरो'ने हेच केले, सभासदसंख्या प्रचंड वाढली. पण ऑल्सननेच दाखवले की त्यातले पुष्कळ लोक विम्यासाठी आणि खताच्या व्यवहारासाठी आले होते. अशी गर्दी पावती घेते आणि घरी जाते. आम्हाला दुकान चालवायचे नाही. (दुकान चालवण्यात आमची अक्कल किती, तेही सर्वांना ठाऊक आहे.)

आमचा भरवसा दुसऱ्या गोष्टीवर आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक साधे गणित मांडले. शंभर माणसे धरा. पहिला एकटाच निघतो. दुसरा म्हणतो, एक गेला तर मी जाईन, तिसरा म्हणतो, दोन गेले तर, असे शंभरापर्यंत. सगळे शंभर निघतात. आता फक्त त्या दुसऱ्याला बदला, तो म्हणू द्या, 'दोघे गेले तर मी.' पहिला एकटाच रस्त्यावर उभा राहतो, नव्व्याण्णव घरी. माणसे तीच, दुःख तेच; फक्त एक दुवा तुटला.

आमच्या गावांत पहिला आहे. तो बिल्ला लावून वर्षानुवर्षे एकटा फिरतो आणि गावाला शिव्या देतो. त्याने दुसरा शोधला नाही, आणि आम्हीही त्याला कधी विचारले नाही. आम्ही विचारत आलो, 'किती गाड्या आणता?' चूक आमची आहे.

तेव्हा या बैठकीला गाड्यांचा आकडा आणू नका. गावातला दुसरा आणि तिसरा कोण, ते ठरवून या. आणि मोर्चाच्या दिवशी त्यांच्या शेतातली वेचणी कोण उरकणार, बैल कोण सोडणार, तेही त्यांच्या घरच्या मायबहिणींना विचारून या.